आगळाच्या बाटलीवर काय लिहायचं?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मावशीच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते. एका कोपऱ्यात रातांब्यांचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात मीठ घालून ठेवलेल्या रसाची पिंपं, आणि अंगणात मांडवावर वाळणारी सोलं. पाऊस यायच्या आत सोलांना रसाची पुटं देऊन ती कडक वाळवायची असतात, त्यामुळे या दिवसांत मावशी कुणाशी बसून बोलत नाही. मला मात्र तिने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मी पुण्यात पंधरा वर्षं लेबलं आणि वेष्टनं करते. कुडाळ तालुक्यातल्या या गावात मावशी आणि तिच्या बचत गटातल्या बायका कोकमाचं आगळ, सरबताचा पाक आणि आमसुलं करतात. गेल्या वर्षी त्यांच्या लेबलाने एक घोटाळा केला होता, तो पुन्हा होऊ द्यायचा नव्हता.

पुण्यातल्या एका बाईंनी आगळाची बाटली नेली. मुलाच्या वाढदिवसाला चमचाभर आगळ, थंड पाणी आणि बर्फ घालून त्यांनी पंधरा ग्लास केले. आगळ म्हणजे मिठातला रस, सोलकढीसाठीचा. पहिल्या घोटालाच मुलांनी तोंडं वाकडी केली. त्या बाई फोनवर रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तुमच्या बाटलीवर सरबताच्या ग्लासाचं चित्र आहे. मग मी चुकले कुठे?"

मावशीला हा प्रश्न वर्षभर टोचत होता.

ती मालवणीत बोलते. इथे मी तिचं बोलणं प्रमाण मराठीत आणलं आहे; काही शब्द तिचेच ठेवले आहेत.

मी केलेला नवा नमुना तिने हातात घेतला, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे काय गो? अर्धं लेबल रिकामंच."

"रिकामं नाही, मोकळं ठेवलंय. दुकानात एका फळीवर वीस बाटल्या उभ्या असतात, मावशी. सगळ्या ओरडत असतात. जिच्यावर एकच गोष्ट ठळक असते, तिच्यावर नजर थांबते. सगळंच मोठं केलं की काहीच मोठं राहत नाही."

"तुझं दुकान पुण्यातलं. माझ्या निम्म्या बाटल्या एस.टी. स्टँडजवळच्या स्टॉलवर जातात. तिथली बाई बाटली हातात घेते, फिरवते, उन्हात धरून रंग बघते, मग वाचते. तिला गाव बघायचं असतं. मुंबईला नेऊन सुनेला सांगायचं असतं, ही आपल्या बाजूची. तुझ्या मोकळ्या जागेत तिने काय वाचायचं?"

हे मी विचारात घेतलं नव्हतं. आमच्या धंद्यात लेबल म्हटलं की डोळ्यासमोर येते ती मॉलमधली फळी, आणि सहा फुटांवरून बघणारं गिऱ्हाईक. पण एकच बाटली तीन ठिकाणी वाचली जाते : फळीवर लांबून, हातात जवळून, आणि पुढे कित्येक महिने घरच्या स्वयंपाकघरात. तिसऱ्या वाचनाचा विचार सर्वांत कमी होतो. पुण्यातल्या त्या बाईंची चूक नेमकी तिथेच झाली होती.

"बरं, गाव घालू," मी म्हटलं. "आणि ते कायद्यानेही लागतंच. तयार करणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं छापल्याशिवाय बंद बाटली विकता येत नाही."

"म्हणजे सरकारलासुद्धा माझं गाव हवंय, आणि तुला नको होतं."

"पुढे नको होतं. मागे ठेवणार होते."

"मागे तर कुणीही पत्ता लिहितं," ती म्हणाली आणि उठून पिंपातला रस ढवळून आली.

नावावरून आमचं खरं भांडण झालं. नमुन्यावर मी मोठ्या अक्षरांत 'कोकम' लिहिलं होतं आणि खाली बारीक 'आगळ'. माझं म्हणणं असं की कोकम हा शब्द महाराष्ट्रभर कळतो. याच फळाला रत्नागिरीकडे रातांबा म्हणतात, इकडे आणि गोव्यात भिरंड. वाळवलेल्या सालीला कुणी आमसूल म्हणतं, कुणी सोल, कुणी नुसतं कोकम. एवढ्या नावांतलं सर्वांत पसरलेलं नाव पुढे हवं.

"कोकम हे फळाचं नाव," मावशी म्हणाली. "बाटलीत फळ नाही, आगळ आहे. सरबताच्या बाटलीवरही तू कोकमच लिहिलंयस. दोन जुळ्या मुलींना एकच नाव ठेवशील?"

"पण आगळ म्हणजे काय हे पुण्यात किती जणांना ठाऊक आहे?"

"ठाऊक नाही म्हणून तर लिहायचं! लिहिलं नाहीस तर कधी ठाऊक होणार?"

"आणि तोवर प्रत्येक जण बर्फ घालून पिणार?"

ती गप्प झाली. मीही. दोघींचं अर्धं अर्धं बरोबर होतं. नुसतं 'आगळ' लिहून परक्या माणसाला काही कळत नाही, आणि नुसतं 'कोकम' लिहून चुकीचं कळतं. शेवटी मी कागदावर लिहिलं : आगळ. आणि त्याच्या खाली, जवळजवळ तेवढ्याच उंचीच्या अक्षरांत : सोलकढीसाठी, खारट. मावशीने तो कागद बराच वेळ हातात धरला. 'खारट' हा शब्द तिला रुचला नव्हता. आपल्या मालाला कुणी खारट म्हणावं, हे कुठल्या सुगरणीला आवडेल?

"मीठ आहे हे मागे घटकांत लिहिलेलं असतंच ना?"

"असतं. पण पाणी ओतून झाल्यावर घटक वाचून काय उपयोग? जी गोष्ट न कळल्यामुळे माल वाया जातो, ती पुढेच हवी. बाकीचं मागे गेलं तरी चालेल."

लेबल करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगत आले आहे. मालक पुढच्या बाजूला स्वतःचं कौतुक मागतो. वापरणाऱ्याला पुढच्या बाजूला स्वतःची चूक टाळायची असते. औषध, फिनेल, खत, आगळ, सगळ्यांना हे सारखंच लागू आहे.

मग चित्र. गेल्या वर्षीचा तो बर्फाचा ग्लास तालुक्याच्या गावी छापणाऱ्याने कुठूनतरी तयार उचलून दोन्ही बाटल्यांवर लावला होता. मावशीला आता चित्रच नको होतं. "अक्षरं खोटं बोलत नाहीत. चित्राने फसवलं."

"चित्राने फसवलं, कारण चित्र आधी वाचलं जातं. अक्षराकडे माणूस नंतर वळतो. आजी काय म्हणायची आठवतं? अमुक छाप द्या, तमुक मार्का द्या."

"ती कुठे शाळेत गेली होती! दुकानात बोट दाखवून माल घ्यायची."

याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांचं कापड मुंबई बंदरात उतरायचं तेव्हा प्रत्येक ताग्यावर एक रंगीत चिठ्ठी चिकटवलेली असे : हत्ती, वाघ, राजे, देवी. विकत घेणाऱ्याला कंपनीचं इंग्रजी नाव वाचता येत नसे. तो चित्र लक्षात ठेवी आणि पुढच्या खेपेला तेच मागे. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढल्यावर त्यांच्या देवीही पुढे मालाच्या वेष्टनांवर गेल्या. आजीचं 'छाप' आणि 'मार्का' मागणं त्याच सवयीतलं. तेव्हा चित्र काढून टाकणं हा उपाय नव्हता. चित्र खरं करणं हा होता. आगळावर सोलकढीची वाटी आणि बाजूला नारळाची कवड, सरबतावर ग्लास. अन्नसुरक्षेचे नियमही हेच सांगतात की लेबलावरचं चित्र दिशाभूल करणारं नको.

"नारळ घाल," मावशी म्हणाली. "नारळ दिसला की गोड पाणी करायला कुणी जाणार नाही."

इथवर आमचं जुळत आलं होतं. पुन्हा फाटलं ते रंगावरून. दोन बाटल्या चटकन वेगळ्या ओळखाव्यात म्हणून मी आगळाला गडद लाल पट्टी आणि सरबताला गुलाबी पट्टी दिली होती. आतला रस दोन्हींत लालच. मला ही योजना पक्की वाटत होती.

मावशी आत गेली आणि फडताळातून तिच्या रोजच्या वापराची आगळाची बाटली घेऊन आली. बाटलीवर लेबल नव्हतंच. गळ्याशी सुतळीचे तीन वेढे होते.

"पावसात इथे दिवस दिवस वीज नसते. कंदिलाच्या उजेडात तुझा लाल आणि तुझा गुलाबी मला एकच. बाटली हातात घेतल्यार कळाक व्हया."

मी हातात घेतली. खरंच, बघायची गरजच नव्हती.

तिला मी शाकाहारी-मांसाहारी खुणेची गोष्ट सांगितली. हिरव्या चौकटीत हिरवं भरीव वर्तुळ म्हणजे शाकाहारी, हे आता लहान मुलांनाही ठाऊक आहे. पूर्वी मांसाहारी खुणेतही वर्तुळच होतं, फक्त तपकिरी. ज्यांना हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत, अशा माणसांना त्या दोन खुणांतला फरक कळायला मार्गच नव्हता. 2020 च्या लेबलविषयक नियमांत मांसाहारी खुणेतलं वर्तुळ जाऊन त्या जागी त्रिकोण आला. रंग तोच ठेवला, आकार बदलला. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तरी मी स्वतः दोन पट्ट्यांचे दोन रंग देऊन थांबले होते. मावशीच्या सुतळीने त्या नियमामागचं कारण माझ्या हातात दिलं.

"मग सुतळी बांधूया का विकायच्या आगळाच्या बाटल्यांना?" मी विचारलं.

"एवढ्या बाटल्यांना? बायका बांधतील. सोलं वाळेपर्यंत हात रिकामेच असतात संध्याकाळी."

आता माझी पाळी होती. तिने गेल्या वर्षीचं लेबल पुढे केलं आणि त्यावरच्या तीन शब्दांवर बोट ठेवलं : घरगुती, शुद्ध, 100 टक्के नैसर्गिक. "हे मात्र राहू दे."

"नाही ठेवता येणार."

"का? मी काय भेसळ करते?"

तिचा आवाज चढला. तिने आयुष्यात मिठाच्या मापात कधी हात आखडता घेतला नाही की रसात पाणी घातलं नाही. मला ते माहीत आहे. पण लेबल वाचणाऱ्याला माहीत नाही, आणि भेसळ करणाराही हेच शब्द याच अक्षरांत छापतो. अन्नपदार्थांच्या दाव्यांविषयी 2018 चे नियम आहेत. नैसर्गिक, ताजं, शुद्ध, पारंपरिक हे शब्द कुठे वापरता येतील याच्या त्यांत अटी आहेत, आणि घरी केल्याचा चुकीचा समज होईल असे शब्द वापरायचे नाहीत, असंही त्यांत आहे. जून 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पुन्हा पाणी घालून केलेल्या फळरसांच्या लेबलांवरून '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढायला लावला. मोठमोठ्यांना ते लागू झालं, तर आपल्याला का नको?

"मग मी चांगलं करते हे सांगायचं कसं?"

"आगळात काय काय घालतेस, सांग."

"काय घालणार! कोकमाचा रस आणि मीठ."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"हेच लिहायचं. कोकमाचा रस, मीठ. पूर्णविराम. शेजारच्या बाटलीवर घटकांची चार ओळींची यादी असेल, रंगाचे नि परिरक्षकांचे क्रमांक असतील. तुझ्यावर दोन शब्द. वाचणाऱ्याला कुणी 'शुद्ध' म्हणून सांगायची गरज राहत नाही."

ती थोडी शांत झाली. मग तिने सरबताचं विचारलं. तिथे मला तिला दुखवावंच लागलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. जे जास्त ते आधी. सरबताच्या पाकात साखर कोकमापेक्षा जास्त असते. म्हणजे यादीत साखर पहिली.

"कोकम सरबतात पहिलं नाव साखरेचं?"

"हो."

ती बराच वेळ सोलं उलटीपालटी करत राहिली. मग म्हणाली, "मग पुढच्या वर्षी आगळच जास्त करूया."

भाषेबद्दल मात्र तिने मला एका वाक्यात गप्प केलं आणि ते बरोबर केलं. नमुन्याचा मागचा भाग मी पूर्ण इंग्रजीत केला होता. सक्तीचा तपशील इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा, असा नियम आहे. दुसरी भाषा त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. लेबल लहान, म्हणून मी मराठी गाळली. मावशीने लेबल शेजारच्या काकूंच्या हातात दिलं. काकू गटात रस गाळायचं काम करतात. त्यांनी ते उलटसुलट करून परत दिलं.

"जिने केलं तिलाच वाचता येत नाही," मावशी म्हणाली.

नियम मराठीला अडवत नाही. अडवतो आमचा आळस. देवनागरीला इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये जास्त जागा लागते, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापाने ओळी दाबल्या की जोडाक्षरांचे गोळे होतात, आणि मग आम्हीच म्हणतो की मराठी लहान आकारात वाचता येत नाही. ज्या भाषेत र. कृ. जोशींसारखा अक्षररचनाकार झाला, कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतून एकेका नावाला स्वतःचा चेहरा दिला, तिथे हे कारण सांगायची मला लाज वाटली पाहिजे आणि वाटली. आता 'मुक्त'सारखे टंक विनामूल्य मिळतात आणि ते बारीक आकारातही स्वच्छ राहतात. मी मागच्या मजकुरातलं माझं वर्णनपर वाक्य काढलं, गोल बाटलीवर लेबल दोन्हीकडून थोडं रुंद केलं, आणि इंग्रजीच्या शेजारी पूर्ण मराठी बसवली. बसली.

उरलेलं आम्ही अर्ध्या तासात उरकलं. कागदाचं लेबल फ्रिजमध्ये दमट होऊन सुटतं, म्हणून प्लास्टिकच्या पातळ थराचं. पारदर्शक लेबल नको, कारण बाटली भरलेली असताना त्यावरची पांढरी अक्षरं लाल रसावर छान दिसतात आणि रस संपत आला की दिसेनाशी होतात. बारकोडच्या रेघा मी कोकमी रंगात केल्या होत्या. त्या काळ्या केल्या, कारण दुकानातल्या लेझर स्कॅनरचा प्रकाश सहसा लाल असतो आणि त्याला लाल रेघा पांढऱ्या जागेपासून वेगळ्या दिसत नाहीत. परवान्याचा 14 अंकी क्रमांक, निव्वळ माप, सर्व करांसह किंमत, एक मिलिलिटरला काय दर पडला तो आकडा, तयार केल्याची नि वापरायच्या शेवटच्या मुदतीची तारीख. तारखेसाठी पांढरी चौकट मोकळी ठेवली, आणि ओल्या बोटाने पुसून न जाणारी शाई. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. गटाने अजून केलेली नाही, म्हणून ते चिन्ह नाही. मावशीने त्यासाठी अर्ज करायचं ठरवलं आहे.

गाव शेवटी पुढे आलं, आगळ या शब्दाच्या वर, बारीक पण स्वच्छ. एस.टी. स्टँडवरच्या बाईला ते हातात धरल्यावर दिसेल. फळीवरून बघणाऱ्याला आगळ, खारट आणि नारळाची कवड दिसेल.

निघताना मावशी म्हणाली, "पुण्याच्या त्या बाईंना एक बाटली नेऊन दे. पैसे घेऊ नकोस. आणि विचार, आता चुकाल का?"

जूनमध्ये लेबलं छापून आली तेव्हा मी बाटली घेऊन गेले. त्यांनी आधी सुतळीला हात लावला, मग पुढचा शब्द मोठ्याने वाचला, मग बाटली फिरवली आणि मागची ओळ वाचली. त्या दिवशी त्यांच्याकडे सोलकढी झाली.

तुमच्याही घरात कोकमाची लाल बाटली असेल. ग्लासात पाणी ओतण्याआधी ती एकदा फिरवा आणि घटकांची ओळ वाचा. साखर पहिली असेल तर सरबत करा. साखर नसून मीठ असेल तर नारळ फोडा.